तळहातावरची काळी बीअर

"उंड?" एवढंच म्हणून तो थांबायचा. उंड म्हणजे 'मग?' पुढं काही नाही. भुवया वर, मान जराशी पुढं आणि नजर माझ्या तोंडावर. मी काहीतरी सांगेपर्यंत हलायचा नाही.

त्या शनिवारी दुपारीही तसंच झालं. बिल्डिंगच्या तळघरात, धुण्याच्या मशीनशेजारच्या त्याच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी उजवा तळहात पुढं केला. त्यानं बाटलीच्या तारेत अंगठा घालून झाकण उडवलं, फुस्स आवाज झाला आणि चमचाभर काळी बीअर माझ्या तळहातावर ओतली. मी चाटली.

"उंड?"

"कच्ची आहे," मी आपलं मराठीत म्हणालो. "लवंग पुढं पळतीय. बाकीची मंडळी मागं राहिलीत."

त्याला यातलं एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. थोडी स्वतःच्या तळहातावर ओतून त्यानंही चाटली, खांदे उडवले आणि म्हणाला, "मॉर्गन." म्हणजे उद्या. खुंटीवरचा टॉवेल आधी मला दिला, मग स्वतःचा हात पुसला. दिवा मालवला. तो जिन्यानं दुसऱ्या मजल्यावर गेला, मी तिसऱ्या. शेवटचं आमचं हे एवढंच. काही विशेष घडलं असतं तर बरं झालं असतं, सांगायला सोपं गेलं असतं.

तुम्हीही इथंच कुठंतरी राहता. तुमच्याही जिन्यात असा एखादा असेल. उंच, पण पाठीत वाकलेला. कोपरांना चामड्याचे तुकडे लावलेला तपकिरी लोकरी कोट, उन्हाळ्यातही तोच. चष्मा गळ्यात दोरीनं. तुम्ही 'हालो' म्हणता, तो मान हलवतो आणि दार लागतं. दारामागं काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. मलाही कळलं नसतं, कपडे आणायला तळघरात गेलो नसतो तर.

ही गेली आणि पोरानं मला इथं जर्मनीत, कार्ल्सरूहेला आणलं. आमची गावाकडं पिठाची गिरणी होती, ती बंद केली. पोरगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरवर. चांगली आहेत दोघं, तक्रार नाही. पण दिवसभर एकच, "बाबा, तुम्ही बसा." भांडं उचललं, "बाबा, राहू दे, तुम्ही बसा." पिशवी घेतली, "बाबा, मी आणते, बसा ना." बसून बसून माणूस कोथिंबिरीसारखा सुकतो. मग मी भांडून एक काम मिळवलं, तळघरातून वाळलेले कपडे वर आणायचं.

एक दिवस कपडे काढतोय तर वास आला. भाजलेल्या, मोड आलेल्या धान्याचा. हुलग्याचं माडगं शिजत असल्यासारखा, पण जरा गोड. वासामागं गेलो तर शेजारच्या खोलीचं दार उघडं. आत हा. टेबलाला हातानं फिरवायची एक छोटी गिरणी स्क्रूनं आवळलेली, तिच्यात तो सातूचे दाणे भरडत होता आणि धापा टाकत होता.

आता बघा, आयुष्य गिरणीत गेलेलं. समोर कुणी दळत असेल तर मी कपड्यांची घडी घालत उभा राहीन का? माझा हात आपोआप दांड्यावर गेला. तो बाजूला झाला. "बसा" म्हणाला नाही. काही विचारलंही नाही, फक्त धान्याची पिशवी पायानं माझ्याकडं सरकवली. त्या दिवशी कपडे वर जायला संध्याकाळ झाली आणि सूनबाई काळजीनं खाली आली. माझ्या मिशीला पीठ बघून तिला हसावं की रागवावं कळेना.

त्याला नाव होतं, दारावर लिहिलेलं होतं. मला ते वाचता येत नव्हतं, सूनबाईनं सांगितलं तरी जिभेवर बसत नव्हतं. मी त्याला 'खालचा' म्हणायचो. आणि घरात सगळे मला 'बाबा' म्हणतात ते ऐकून त्याला वाटलं हेच माझं नाव. दार वाजवून सुनेला विचारायचा, "बाबा दा?" म्हणजे बाबा आहे का. माझ्याहून वयानं मोठा माणूस मला बाबा म्हणायचा आणि मी ओ द्यायचो.

पहिल्या वेळी तो मला ग्लासातच देणार होता. चांगला पायाचा ग्लास पुसून आणला होता. पण बाटली पुढं आली तसा मी तळहात पुढं केला. सवय. चव बघायची तर तळहातावर, असंच आमच्याकडं. तुमच्याकडंही असेल. रस्सा उकळला की ही पळी घेऊन ओट्याकडून वळायची, मी गिरणीतून आलेला, पिठाचा हात धोतराला पुसून पुढं करायचा, ती थेंबभर ओतायची आणि विचारायची, "काय कमी आहे?" मी सांगायचो तिखट कमी. ती म्हणायची, "तुमची जीभ गेलीय," आणि थोडं घालायचीच.

खालच्यानं माझ्या हाताकडं बघितलं, ग्लासकडं बघितलं. ग्लास खाली ठेवला आणि ओतली तळहातावर. मी चाटली. मग तो म्हणाला, "उंड?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं बीअर कडू आहे. धावत जाऊन पावाचा तुकडा घेऊन आला.

ही गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं. गोळ्या घेतल्या का, झोप लागली का, हे विचारतात. तसलं नाही म्हणत मी. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर ती पहिली बीअर वाईटच होती. पुढच्या रविवारी त्यानं सूनबाईलाही खाली बोलावलं, मी काय म्हणतो ते नीट कळावं म्हणून. मी चाटली आणि म्हणालो, "काढ्यात घोडा धुतल्यासारखी लागतीय."

सूनबाई लाल झाली. जर्मनमध्ये काहीतरी गोड बोलली.

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला खूप इंटरेस्टिंग वाटली म्हणाले."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "नाइन," तो म्हणाला, म्हणजे नाही, आणि माझ्या तोंडाकडं बोट केलं. "नाइन, नाइन." मग हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. सूनबाईला खरं सांगावं लागलं, घोड्यासकट. तो मान हलवत होता, "गेनाऊ! गेनाऊ!" अगदी बरोबर म्हणे. मग त्यानं तिला काहीतरी सांगितलं, ते तिनं मला सांगितलं. या बिल्डिंगमध्ये सगळे त्याच्या बीअरला 'लेकर' म्हणतात, म्हणजे मस्त. वर्षानुवर्षं लेकर. एक तळमजल्यावरची बाई सोडली तर. ती म्हणते बीअरमध्ये दालचिनी-लवंग घातली की ती बीअरच राहत नाही, जर्मनीत तसा कायदाच आहे. पण पिते तीही.

दर वर्षी डिसेंबरात निकोलाउसच्या दिवशी इथं पोरं दाराबाहेर बूट ठेवतात, त्यात खाऊ मिळतो. हा त्या सकाळी प्रत्येक दारापुढं एक बाटली ठेवायचा. पोरं असोत नसोत. घंटी वाजवायची नाही, ठेवायची आणि निघून जायचं. त्यासाठी ही काळी मसाल्याची बीअर. त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्याही दारापुढं होती. मी आतून ऐकत होतो, तो धापा टाकत जिना चढला, बाटली टेकवली, आणि उतरला.

त्याचं नाक गेलंय हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. त्याच्या घरी गेलो होतो. तो कोरड्या तव्यावर चक्रीफूल भाजत होता आणि खिडकीबाहेर बघत होता. मी दारातूनच खोकायला लागलो. धूर फारसा नव्हता अजून, पण वास असा की घशात बसावा. चक्रीफुलाचे कोळसे झालेले. हा आपला शांतपणे चमचा फिरवतोय. मी शेगडी बंद केली, तवा उचलून नळाखाली धरला. तो दचकला. तव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी नाकाला बोट लावलं आणि त्याच्याकडं केलं. तुझं नाक?

तो खुर्चीवर बसला. ओठांवर बोट ठेवलं. मग टेबलावरच्या फोनकडं बोट दाखवून म्हणाला, "टॉख्टर." मुलगी. मग, "हाइम."

संध्याकाळी मी सूनबाईला सहज विचारलं, हाइम म्हणजे काय. ती म्हणाली, वृद्धाश्रम. आणि लगेच माझ्याकडं बघून, "का हो बाबा? कुणी काही बोललं का तुम्हाला?" मी म्हटलं, नाही, टीव्हीवर ऐकलं.

तेव्हा मला ते 'उंड' कळलं. कौतुक ऐकायला विचारत नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं. नाक गेलं की जिभेला फक्त खारट, गोड, कडू कळतं. लवंग कुठली आणि वेलची कुठली, सगळं सारखंच. बीअर नासली तर त्याला कळणार नव्हतं, आणि नासलेल्या बाटल्या सगळ्यांच्या दारात गेल्या असत्या तर मुलीला कळायला वेळ लागला नसता.

मुलगी हांबुर्गला राहते. वाईट नाही ती, बापाची काळजी करते, माझ्या पोरासारखीच. त्याच महिन्यात ती आली. खालच्यानं मला कॉफीला बोलावलं. दोघंच असती तर बरं, मी कशाला, असं मला वाटलं, पण त्यानं दारात माझा दंडच धरला. तिनं कॉफी केली, नवीन आणलेली, कप बापाच्या नाकाशी धरला आणि काहीतरी विचारलं. त्याची नजर कपावर नव्हती, माझ्यावर होती. मी काय करतो? डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि "आहाहा" केलं. तो लगेच म्हणाला, "वुंडरबार!" म्हणजे झकास. मग तिनं फ्रीजमधलं चीज काढलं. मी तोंड असं वाकडं केलं की गावाकडच्या तमाशात घेतलं असतं. तो म्हणाला, "वेख! वेख!" म्हणजे टाक. तिनं वास घेतला आणि टाकलं. चीज चांगलं होतं की नाही देव जाणे, तिकडचं चीज मला सगळं नासलेलंच लागतं.

जाताना ती माझ्या सुनेशी जिन्यात बराच वेळ बोलली. सूनबाईनं मला सांगितलं. यंदाची बीअर नेहमीसारखी झाली आणि घरात काही जळलं-पेटलं नाही, तर वडील इथंच राहतील. नाहीतर निकोलाउस झाला की हाइम. "त्यांना नीट जमतंय का बाबा सगळं? तुम्ही असता ना त्यांच्याबरोबर?" सूनबाईनं विचारलं.

"त्याचं नाक माझ्यापेक्षा तिखट आहे," मी म्हटलं.

मग आम्ही कामाला लागलो. भाजायचं मी, ढवळायचं त्यानं. भांडी उकळत्या पाण्यानं दोनदा धुवायची, ते मात्र तो मला करू द्यायचा नाही. माझ्या धुण्यावर त्याचा विश्वास नव्हता. पोरगा कुरकुरायचा, "बाबा, बीपीच्या गोळ्या चालू आहेत तुमच्या, आणि बीअर कसली पिताय?" मी म्हणायचो, तळहातभर पिऊन कुणी मेलं नाही.

मसाला घालायच्या दिवशी मी हिचा डबा खाली नेला. येताना तो मी बॅगेत टाकला होता. पोरगा म्हणाला होता, इथं सगळं मिळतं. मिळतं, पण डबा मिळत नाही. डब्यात तळाशी दगडफूल उरलं होतं, हिनं निवडून ठेवलेलं. चिमूटभर. वर्षभर मी झाकण उघडून नुसतं हुंगायचो. खालच्याच्या तळहातावर ठेवलं तर त्यानं सवयीनं नाकाशी नेलं, मग थांबला, दाताखाली धरलं. मला विचारलं, "उंड?"

"घाल," मी म्हटलं. "ठेवून तरी काय करू?"

त्यानं सगळं घातलं. रिकाम्या डब्यात बोट फिरवून तेही झटकलं.

बाटल्या भरल्या की खरं काम सुरू होतं. तारेच्या झाकणाच्या बाटल्या, आत बीअर अजून फसफसत असते. पहिले काही दिवस रोज सकाळी प्रत्येक बाटली क्षणभर उघडायची, वारं जाऊ द्यायचं, परत बंद करायची. नाही केलं तर फुटतात. कधीकाळी त्याच्या फुटल्या होत्या, भिंतीवर काळा डाग अजून होता. तो बाटलीला कान लावून झाकण उडवायचा. फुस्स कसं झालं त्यावरून मान हलवायचा. कान शाबूत होते त्याचे.

मध्ये एकदा त्याला डॉक्टरांकडं दिवसभर जायचं होतं. तेव्हा त्यानं तळघराची दुसरी चावी मला दिली. मी ती सदरा वर करून कमरेच्या करगोट्याला बांधली. तो बघतच राहिला. मग सगळ्या बिल्डिंगला सांगत सुटला, बाबाची तिजोरी कुठं असते ते. चावी त्यानं परत मागितली नाही.

तो शनिवार तुम्हाला सांगितलाच. कच्ची आहे, मॉर्गन.

रविवारी सकाळी मी जागा झालो आणि पडून राहिलो. इथं खिडक्यांना बाहेरून शटर असतं, रात्री खाली ओढायचं, सकाळी वर. खालच्याचं शटर रोज सात वाजता खडखडायचं. माझं घड्याळ तेच. ते वाजलं की मी उठायचो.

वाजलं नाही.

मी चहा केला. चहा संपला. सूनबाई उठली तेव्हा तिला म्हटलं, खाली बघून ये. "रविवार आहे बाबा, झोपले असतील." तो रविवारीही उठतो, मी म्हटलं. माझ्या तोंडाकडं बघून ती गेली. घंटी वाजवली, परत वाजवली. मग तळमजल्यावरच्या बाईकडं त्याच्या घराची चावी असते, ती आली.

खुर्चीत होता म्हणे. पायावर पांघरूण, चष्मा गळ्यात. काही जळलं नव्हतं, काही सांडलं नव्हतं. शेगडी बंद होती.

डॉक्टर आले, गेले. मुलीला फोन झाला, ती संध्याकाळच्या गाडीनं पोचणार होती. जिन्यात सगळी बिल्डिंग गोळा झाली, हळू आवाजात बोलत. तळमजल्यावरची बाई पायरीवर बसून रडत होती. काहीतरी बोलली. मी सूनबाईकडं बघितलं.

"म्हणतायत, यंदा दारात बाटली नसणार."

मी उठलो. पोरगा मागं आला. "बाबा, कुठं?"

"बाटल्या उघडायच्यात."

"आत्ता?"

"मग कधी? फुटल्यावर?"

"बाबा, ते सगळं आता त्यांच्या मुलीचं आहे. हात लावू नका आपण."

"तिचंच आहे. पण ती संध्याकाळी येणार. आतलं वारं संध्याकाळपर्यंत थांबत नाही." आणि मग जरा जोरात, "बस म्हणू नकोस मला."

तो 'बसा' म्हणाला नाही. जिन्यातच थांबला.

करगोट्याची गाठ सुटेना. शेवटी चावी बांधलेलीच ठेवून, कुलपाला पोट लावून दार उघडलं. तो असता तर खोकेपर्यंत हसला असता.

आत कालचाच टॉवेल खुंटीवर होता, वाळलेला. मी पहिली बाटली उचलली, कान लावला, अंगठा घातला. फुस्स. बंद. दुसरी. फुस्स. कडेच्या दोन-तीन जोरात सुटल्या, फेस बोटावर आला, त्या संध्याकाळपर्यंत राहिल्या असत्या तर गेल्याच असत्या. ओळीनं सगळ्या केल्या. एकही सोडली नाही.

मग चव बघायची बाटली घेतली. उजवा तळहात पुढं केला आणि तसाच उभा राहिलो. ओतणार कोण? आजवर मी कधी स्वतःच्या हातावर ओतलेलं नव्हतं. आधी ही ओतायची, मग तो. बाटली उजव्या हातात घेतली, डावा पुढं केला. नेम चुकला, निम्मी मनगटावरून सदऱ्यात गेली. उरलेली चाटली.

लवंग अजून पुढंच होती. पण मागून दगडफूल आलं होतं. हळू, पण आलं होतं.

मी थोडा वेळ वाट बघितली. मशीनच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

"कच्ची आहे," मी मोठ्यानं सांगितलं. झाकण दाबलं, तार अडकवली, हात टॉवेलला पुसला.

"मॉर्गन," म्हणालो, आणि दिवा मालवला.